वरच्या दोन वायरी

कारखान्याचा भोंगा झाला आणि माझं डोकं फिरलं. दरसाल फिरतं. दिवाळी सरते, पहाटेच्या गारठ्यात मळीचा तो आंबूस-गोड वास खाली उतरतो, घरापुढच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पळायला लागतात, आणि वाळत घातलेल्या धोतरावर चिपाडाची काळी राख येऊन बसते. बाकीच्यांना ह्या वासानं गुळाची काहिल आठवते, हुरडा आठवतो, माहेर आठवतं. मला राग येतो. सून म्हणते, "आवं मामा, हंगाम लागला की तुमी लय भांडता." भांडतो. भांडायला कारण लागतं आणि ते मला रस्त्यात पडलेलं सापडतं.

परवाचंच सांगतो. शेजारच्या मास्तरांची गाडी पिकअप घेईना. पायाखाली दाबली की उचक्या द्यायची. मास्तर मला घेऊन इथल्याच, सांगलीतल्या एका चकचकीत गॅरेजात गेले. तिथल्या पोरगेल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं नाही, कान लावला नाही, नाकपुडी फुगवून वास घेतला नाही. डॅशबोर्डाखाली एक वायर खुपसली, हातातल्या काचेवर बघितलं आणि कागद काढून दिला. हे बदला, ते बदला, तेही बदला. मी म्हणालो, "अरे, आधी प्लग काढून त्यांची तोंडं तरी बघ." तर मला म्हणतो, "आजोबा, हात लावू नका."

हात लावू नका! हे मी दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं त्याला पन्नास वर्षं होत आली. तेव्हाही हंगामच होता. तेव्हाही गाडी उचक्याच देत होती.

मी चौथी शिकलो. तीही पुरी नाही. आम्ही जतकडचे, मेंढरांमागची माणसं. सुगी झाली की आमचे तळ रानारानानं कृष्णेच्या बाजूला सरकायचे. बाकीचे लोक आपापल्या मेंढरांना खूण करायचे. कुणी कान कातरायचा, कुणी पाठीवर गेरू फासायचा. माझा बा खूण करायचा नाही. दीडेकशे मेंढरं होती, प्रत्येकीचं तोंड त्याला पाठ. दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी तो नुसती हाक मारून बाहेर काढायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आपलं लेकरू वळखायला कपाळावर नाव लिवावं लागतं व्हय?" हा माज मी त्याच्याकडून घेतला. मेंढरं दुष्काळात गेली, माज तेवढा उरला.

दुष्काळ सरला तेव्हा मी कोरेगावात होतो, आप्पा हवालदाराच्या गॅरेजात. गॅरेज म्हणजे सातारा रस्त्याच्या कडेला चार पत्रे, एक खड्डा आणि एक बाभूळ. आप्पा वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेले. मिशा टोकदार, सदरा खोचलेला, आणि पान्हे पोत्यावर असे ओळीनं मांडलेले की एक वाकडा झाला तर सकाळचा चहा घ्यायचे नाहीत. मी पंचविशीचा, अंगानं दणकट, बोलण्यात उर्मट. त्यांनी मला शिवी न देता शिकवलं. एवढं एक वाक्य मात्र दिवसातून दहा वेळा डोक्यात हाणायचे: "काढशील ते खुणेनं काढ." नट काढला, खूण. पाईप काढला, खूण. वायर काढली, दोरा बांध. मला हसू यायचं. दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्याचा मी लेक, मला चार नटबोल्ट ओळखू येणार नाहीत?

विलासरावांची गाडी त्या साली आली. विलासराव म्हणजे कोरेगावच्या पलीकडचे मोठे बागायतदार, आफ्रिकेत तांब्याच्या खाणीवर इंजिनिअर होते, तिथून परतताना ही जपानी गाडी बोटीनं घेऊन आले. नारिंगी रंग, उंचीला माझ्या कमरेएवढी, आत बसायचं म्हणजे निजायचंच. रस्त्यानं निघाली की बैलं बुजायची आणि माणसं बैलांसारखी बघत राहायची. आवाज ट्रकासारखा धडधड नव्हता. भुंगा. मोठा, माजलेला भुंगा.

पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा आप्पांनी आत बघितलं, मग विलासरावांकडं बघितलं.

"आवं, इंजिन कुठं हाय? एवढंसंच?"

"एवढंच आहे आप्पा. ह्यात पिस्टन नाही. आत लोखंडाचा तिकोनी तुकडा गरगर फिरतो. असे दोन."

"म्हंजे खालीवर काय न्हाईच?"

"नाही. नुसतं गोल."

आप्पांनी मिशीला पीळ दिला. "मग चरक म्हणा की. गुऱ्हाळाचा चरक. इकडनं ऊस घातला, तिकडनं चिपाड."

विलासराव खदखदून हसले. तेव्हा ते आप्पांना 'आप्पा' म्हणत आणि त्या हाकेत मान होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

झेंडूचा वास नाकात गेला की अजून मला त्या खंडेनवमीचा पत्रा तापलेला दिसतो. आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, आमचे पान्हे आणि आमच्याकडं येणारी सगळी यंत्रं. पुढं हंगाम उभा असतो, म्हणून आदल्या दिवशी ट्रॅक्टर, ट्रक सगळे धुवायचे. वरवर नाही. बॉनेट उघडून, तेलकट राप डिझेलनं पुसून, इंजिन नवरीच्या तोंडासारखं लखलखीत करून मग हळद-कुंकू, मग नारळ. विलासरावांनीही गाडी पाठवली. "आमच्या भुंग्यालाही कुंकू लागू दे," म्हणाले.

ती गाडी मी धुतली. चार प्लग होते, दोन वर, दोन खाली. चारी वायरी काढल्या, पुसल्या, प्लगच्या खाचा फडक्यानं कोरल्या. आप्पा पलीकडं ट्रकाखाली होते. तिथूनच ओरडले,

"बिरू, खूण केलीस का रं?"

"आवं आप्पा, चार तर वायरी! मेंढरं हायत व्हय चुकायला?"

ट्रकाखालून आप्पा हसले. त्यांचे पाय तेवढे दिसत होते, तेही हसल्यासारखे हलले. मी वायरी परत लावल्या. खालच्या दोन आखूड, त्या आपल्याच जागी पोचायच्या, दुसरीकडं जाऊच शकत नव्हत्या. वरच्या दोन सारख्या लांबीच्या, जुळ्या बहिणी. मी लावल्या. गाडी चालू केली. सुतासारखी चालली. मी बिरोबाचं नाव घेऊन भंडारा उधळला, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा आप्पांना दिला.

गाडी हळू चालीत घरी गेली, खोपीत उभी राहिली. पाचगणीला विलासरावांच्या मुली शाळेत होत्या, बोर्डिंगात. दिवाळीच्या सुट्टीला त्यांना आणायला म्हणून विलासराव वाईवरून पसरणीचा घाट चढायला लागले आणि गाडीनं जीव सोडला. उभी असली की गुणी. पाय दाबला की उचकी, गचका, मागून बंदुकीसारखा बार. मागं एस.टी. हॉर्न देतीय, वर गेलेले लोक कठड्यावरून बघतायत, आणि बागायतदाराची परदेशी गाडी म्हाताऱ्या गाढवासारखी अंग आखडून घाट चढतीय. माणसाचा मान कुठं दुखतो ते मला ठाऊक आहे, म्हणून तेवढ्यापुरता मी त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. 'आप्पा' म्हणाले नाहीत.

"हवालदार, माझ्या गाडीचं काय केलंत?"

आप्पांनी गाडी चालू केली. उभ्या जागी घड्याळासारखी. पाय दाबला, काटा चढायला लागला आणि गाडी खोकली. आप्पा माझ्याकडं वळले.

"बिरू, वायरी?"

"बरोबर हायत."

"खात्रीनं?"

"बिरोबाची आण, आप्पा. वायर चुकली असती तर गाडी उभ्यानं थरथरली असती. ही बघा की, पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदळत न्हाई."

ही अक्कल मी ट्रक-ट्रॅक्टरवर कमावली होती आणि तिथं ती खरी होती. मी खोटं बोललो नव्हतो. खोटं बोलणारा माणूस मनातून तरी सावध असतो. मी तर छाती काढून बोललो.

आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विलासरावांना सांगितलं, "वायरी सोडून दुसरं काय ते हुडकतो. माझ्या गॅरेजात वायर चुकत न्हाई. हा माझा शबूद."

फौजी माणसाचा शब्द. तो त्यांनी माझ्या आणेवर दिला.

मग हंगाम लागला. भोंगा झाला, बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, रस्ताभर उसाची पाचट, हवेत चिपाडाचा भुसा. आप्पांनी कार्बोरेटर तीनदा उघडला. तोंडानं फुंकून एकेक भोक साफ केलं. पेट्रोलची टाकी रिकामी करून गाळली. पॉईंट घासले. हवेची जाळी झटकली, तिच्यातून मूठभर भुसा निघाला तेव्हा आम्ही दोघं पोरांसारखे खूश झालो. गाडी रस्त्यावर काढली. पुन्हा उचकी. दुपारच्या उन्हात आप्पा बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहायचे, आणि त्यांच्या पाठीवर घामाचा डाग पसरत जाताना मी बघायचो. मला गाडीचा राग यायचा. तिकोनी लोखंडाचा राग यायचा. माझ्या हाताचा राग येईल असं एकदाही मनात आलं नाही.

शेवटी विलासरावांनी मुंबईहून एक फिटर आणला. पांढरी पॅन्ट. नाकाला रुमाल. चहा नको म्हणाला, कप धुतलेला असूनही. गाडीचा आवाज ऐकला, दोनदा पाय दाबला, मी पान्हा पुढं केला तर म्हणाला, "तुम्ही लोकांनी हात लावू नका." आणि विलासरावांना सांगितलं, आतल्या सील गेल्या, इंजिन संपलं, ह्यांनी धुताना पाणी मारलं असणार, दुसरं इंजिन जपानहून मागवा. इंजिन त्यानं उघडलं नाही. प्लगसुद्धा काढला नाही. विस्तवाजवळ न जाता भाकरी करपली म्हणून सांगणारी ही जात! परवाच्या त्या काचवाल्या पोरात मला तोच दिसला.

नाक्यावरची सगळी रिकामी तोंडं तोवर गोळा झाली होती. ट्रकवाले, ऊसतोडीचे मुकादम, चहावाला. त्यांच्यापुढं विलासराव बोलले.

"मेंढरं वळणाऱ्याच्या हातात मी गाडी दिली, ही माझीच चूक."

मी पुढं झालो. आप्पांनी मला छातीवर हात लावून मागं सारलं.

"त्याला बोलू नगा. गॅरेज माझं हाय. काय बोलायचं ते मला बोला."

"तुम्हाला काय बोलायचं, हवालदार? वीस वर्षं ट्रकाखाली झोपलात म्हणून कुणी इंजिनिअर होत नाही."

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला ठाऊक आहे. तो मेला, तरी मी त्याच्या मातीला गेलो नाही.

आप्पांनी फडक्यानं हात पुसले. एकेक बोट पुसलं. पोत्यावरचे पान्हे एकेक करून फौजेच्या काळ्या ट्रंकेत ठेवले, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं. कुलूप लावलं. आणि म्हणाले, "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. ही नीट झाल्याबगर ह्या हातानं दुसऱ्या इंजिनाला पान्हा लावनार न्हाई."

ऐन हंगामात! ट्रॅक्टरवाले येत होते, हात जोडत होते. "आवं आप्पा, माझ्या गाडीनं काय घोडं मारलंय?" आप्पा ट्रंकेवर बसून राहायचे. ताठ, पहाऱ्यावर बसल्यासारखे. ट्रॅक्टरवाले माझ्याकडं बघायचे आणि पुढच्या गॅरेजला जायचे. मी आप्पांवर ओरडायचो, "उठा की आप्पा! कोण तो विलासराव! त्याच्या शबदानं तुमी हात बांधून घेनार?" ते म्हणायचे, "त्याच्या न्हवं रं. माझ्या." मला ते समजायचं नाही. पंचविशीत कुणाला समजतं! मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. आज माझं वय त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि माझ्या हट्टाला सगळे भितात, पण तसं ताठ बसणं मला अजून जमलेलं नाही.

पंधरा-वीस दिवस असे गेले. एका सकाळी गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर लोंबत होता, आप्पा अजून आले नव्हते, आणि मी त्या गाडीला शिव्या द्यायला म्हणून आत जाऊन बसलो. दाराच्या खणात एक पुस्तक होतं. अक्षर परक्या मुलखाचं, वाचता येत नव्हतं, पण चित्रं सगळ्यांची असतात. एका पानावर ते इंजिन मधोमध कापून दाखवलेलं. अंड्यासारखी, कमरेत जरा आवळलेली खोली आणि तिच्यात तिकोनी तुकडा. अशा दोन खोल्या, एकीपुढं एक. आणि प्रत्येक खोलीच्या एका अंगाला दोन प्लग. एक वर, एक खाली.

मी ते चित्र लय वेळ बघत बसलो. चार प्लग म्हणजे चार सिलिंडर, हे माझ्या डोक्यात कुणीतरी खिळ्यानं ठोकलं होतं. इथं घरं दोनच होती. एका घराला दोन दिवे.

प्लग काढले. खालचे दोन कोरडे, भाजलेल्या शेंगेच्या टरफलाच्या रंगाचे. अगदी निरोगी. वरचे दोन काळे, ओले. मला वाटलं वर करंट येत नसेल. वायर लोखंडाजवळ धरली, तर निळी ठिणगी तडतडली. करंट आहे आणि प्लग ओला. जेवण वाढलंय आणि माणूस उपाशी. मग मी, का कोण जाणे, वरच्या दोन्ही वायरी काढून बाजूला बांधल्या, नुसत्या खालच्या दोन प्लगवर गाडी चालू केली आणि पाय दाबला.

गाडी खोकली नाही.

जरा अशक्त होती, पण काटा सरळ चढला. एक गचका नाही. महिनाभर जी गाडी चार प्लगवर लंगडत होती ती दोन प्लगवर पळायला तयार होती. म्हणजे वरचे दोन मदत करत नव्हते, पाय ओढत होते. ह्या खोलीची ठिणगी त्या खोलीत पडत होती, त्या खोलीची ह्या खोलीत, दोन्हीकडं भलत्या वेळी. हळू चालीत खालच्या प्लगांनी ते झाकून नेलं होतं, म्हणून पेल्यातलं पाणी हिंदळत नव्हतं. जोर लावायची वेळ आली की भांडण उघडं पडायचं.

मी वरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पुढची मागं, मागची पुढं. एवढंच. टोप्या बसल्याचे दोन आवाज झाले, टक, टक. पाय दाबला आणि तो भुंगा असा घुमला की बाभळीवरचे कावळे उठले.

मी गाडी बंद केली. बिरोबाची आण मी घेतली होती. त्या आणेवर एका माणसानं शब्द दिला होता. आणि दोन मेंढरं एकमेकांच्या जागी उभी होती, माझ्यासमोर, महिनाभर, आणि मला त्यांची तोंडं ओळखू आली नव्हती.

माझी घोंगडी खिळ्याला अडकवली होती. तिच्या मधल्या अंगाचा एक काळा धागा ओढला, काठाचा एक पांढरा. पुढच्या वायरीला काळा बांधला, मागच्या वायरीला पांढरा. गाठ दोनदा मारली.

आप्पा आले तेव्हा मी एवढंच म्हणालो, "बसा, आप्पा." ते बसले. डोक्यावर फौजेची टोपी होती. साताऱ्यावरून वाईला आणि वाईवरून पसरणीचा घाट. मी गाडी अशी हाणली की पोटातलं पाणी मागं राहिलं. वळणावळणाला ती अंग झोकून द्यायची आणि पाय दाबला की कुणीतरी पाठीत हात घालून ढकलल्यासारखी वर जायची. खाली वाई लहान होत गेली, नदी दोऱ्याएवढी झाली, थंडगार वारा काचेतून आत आला. एका वळणावर आप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांच्या तोंडावर तेवढा आनंद मी पुन्हा कधी बघितला नाही. म्हणून तर राग येतो. त्या आनंदाच्या शेजारी बसून मी खोटं जुळवत होतो.

वर सपाटीला गाडी थांबवली. आप्पा म्हणाले, "काय हुतं रं?"

"कार्बोरेटरात कचरा हुता, आप्पा. एक बारीक भोक ऱ्हायलं हुतं."

ते उतरले. बॉनेट उघडलं. तीनदा स्वतःच्या तोंडानं फुंकलेला तो कार्बोरेटर त्यांनी बघितलासुद्धा नाही. त्यांची नजर सरळ वरच्या दोन वायरींवर गेली. काळा धागा. पांढरा धागा. धाग्यांची टोकं वाऱ्यानं हलत होती. मी गाडीच्या पलीकडं उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

आप्पांनी दोन बोटांनी काळ्या धाग्याचं टोक धरलं आणि वायरीखाली सारलं. मग पांढऱ्याचं. वरून बघणाऱ्याला दिसू नये असं. बॉनेट हळू लावलं.

"हां," म्हणाले. "कचराच आसंल."

नाक्यावर आलो तेव्हा विलासराव उभे होते, निरोप आधीच गेला होता. तीच तोंडं गोळा झाली होती. विलासरावांनी गाडी फिरवून आणली आणि उतरताना त्यांचा चेहरा उजळला होता. आप्पा त्यांच्यापुढं गेले, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विलासराव, चूक आमच्या गॅरेजाची हुती. माझी नजर चुकली. माझा शबूद खोटा पडला. माफी असावी."

आणि विलासरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हातारा चुकला, पण पोरगा वाघ निघाला! मुंबईवाल्याला सापडलं नाही ते ह्यानं शोधलं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. एक वाक्य बोलायचं होतं. तीन शब्द.

आप्पांनी ट्रंक उघडली. पान्हे पोत्यावर मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली होती.

त्या एका गोष्टीवर माझं आयुष्य उभं राहिलं. 'जपानी गाडी दुरुस्त करणारा बिरू' म्हणून साताऱ्यापासून मिरजेपर्यंत नाव झालं. सांगलीत स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा लोक ती हकीकत मलाच ऐकवायचे, मी मिशीत हसायचो. आप्पा माझ्या गॅरेजाच्या पूजेला आले होते, नारळ त्यांच्याच हातानं फुटला. ते कधी काही बोलले नाहीत. सांगलीला येण्याआधी मी त्यांच्याकडं आणखी दोन हंगाम काम केलं, शेकडो वायरी काढल्या आणि लावल्या. पण "खूण केलीस का रं?" हे त्यांनी मला परत कधीच विचारलं नाही. इतरांना विचारायचे. माझ्यावरून पुढं जायचे.

लोक म्हणतील, केवढं मोठं मन! मला ते मोठं मन नको होतं. त्यांनी घाटातच माझ्या थोबाडीत द्यायची होती. नाक्यावर माझी मान धरून पुढं ढकलायची होती. शिवी द्यायची होती, आईवरून. मी त्याच दिवशी रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी तसं केलं नाही आणि पन्नास हंगाम मी हा राग कधी फिटरवर, कधी विलासरावांवर, कधी सुनेवर, परवा त्या पोरावर काढत आलो. माझ्या सगळ्या भांडणांत खरं भांडण एकच आहे आणि समोरचा माणूस आता नाही.

परवा त्या पोराला मी शेवटी बाजूला सारलं. मास्तरांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, एक वायर काढली आणि खिशातून लोकरीचा धागा काढून तिला बांधला. पोरगा म्हणाला, "आजोबा, हे कशाला?" मी पुढच्या वायरीला हात घातला. उत्तर त्याला द्यायचं नव्हतं.

नाक्यावर त्या दिवशी होती त्यांतली किती माणसं उरली असतील, ठाऊक नाही. असतील त्यांनी वाचावं. नसतील त्यांच्या पोरांनी वाचावं. वायरी मी चुकवल्या. आप्पा हवालदारांच्या नजरेनं नाही, माझ्या माजानं चुकल्या. त्यांचा शब्द मी खोटा पाडला.

झालं. बोललो. बाहेर ट्रॅक्टर चाललेत, दारावर राख पडतीय.

आता तरी विचारा की, आप्पा.